कोय लावू की काडी?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई पुण्यात राहतात, माहेर राजापूरकडचं. त्यांच्या जन्माच्या वर्षी वडिलांनी परसात लावलेलं हापूसचं कलम आता भिरुडाने पोखरलं आहे, अर्ध्याहून जास्त फांद्या वाळल्या आहेत. वडील जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या मोसमातल्या आंब्यांच्या कोयी ताईंनी पुण्याला गॅलरीत पिशव्यांमध्ये लावल्या, त्यातल्या तीन रुजल्या. ती रोपं या पावसाळ्यात गावी नेऊन वडिलांच्या झाडाच्या जागी लावावीत, अशी त्यांची इच्छा. गावी राहणारा थोरला भाऊ म्हणतो, "कोयीचं झाड म्हणजे रायवळ. बाबांच्या जागी रायवळ नको. हे तोडू आणि रोपवाटिकेतून नवं कलम आणू." यावरून दोघांचं बोलणं जवळजवळ थांबलं आहे. ताई विचारतात: कोय बाबांच्याच झाडाची, मग झाड वेगळं कसं होईल? शेजारच्या झाडाचा पराग लागून बिघडत असेल, तर पुढच्या मोहोराला कापड बांधून, त्याच झाडाचा पराग त्यालाच लावून 'शुद्ध' कोय मिळेल का? तीन रोपांपैकी एकाची पालवी इतर दोघांपेक्षा गडद जांभळट आहे, ते आताच बिघडलं का? आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता: "दादा हुबेहूब बाबा आहे. मी कुणासारखीच नाही, तरी झाडाचा जीव मलाच लागलाय."

प्रिय ताई,

आधी घाईचं सांगते. तुमच्या प्रश्नांचा विचार करायला अख्खा पावसाळा आहे, झाडाला कदाचित तेवढा वेळ नाही. आजच गावी फोन करा आणि दादांना एवढंच म्हणा, "यंदाचा पावसाळा झाड राहू दे." खोडावर जिथे भुसा सांडलेला दिसतो तिथली भोकं शोधायची, तारेने अळी ओढून काढायची, भोकात कीटकनाशकात भिजवलेला बोळा कोंबायचा आणि वरून चिखलाने लिंपायचं. आंब्यात वावरणाऱ्या माणसाला हे माहीत असतं, दादांनाही असेल. एवढ्याने झाड पुन्हा पहिल्यासारखं होईल, अशी आशा मी दाखवणार नाही. पण आपल्याला त्याच्याकडून आता आंबे नकोत, चार-सहा निरोगी काड्या हव्यात. त्या कशाला, ते सांगायला हे पुढचं सगळं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट न बोलता धरलेली आहे, आणि ती बहुतेकांच्या मनात असते. कोय हा झाडाचाच एक भाग आहे, तो मातीत गेला की तेच झाड पुन्हा उभं राहायला हवं, आणि राहिलं नाही तर मध्ये कुणीतरी बिघाड केला. तुम्ही त्या बिघाडाचा आळ शेजारच्या झाडावर घेतलात. मला वाटतं, आपण आधी तुमच्याच झाडाच्या मोहोरात डोकावू या.

आंब्याच्या प्रत्येक पेशीत ४० गुणसूत्रं असतात, म्हणजे २० जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक त्या झाडाला त्याच्या आईकडून आलेलं, दुसरं बापाकडून. जोडीतली दोघं एकाच मापाची असतात, त्यांच्यावर त्याच जागी त्याच कामाची जनुकं असतात, पण मजकूर दोन्हीवर तोच असेल असं नाही. गराच्या रंगाबद्दल एकावर एक लिहिलेलं असेल, दुसऱ्यावर वेगळं. झाड दोन्ही बाळगून असतं.

फांदी वाढते, पालवी फुटते, खोड जाड होतं, तेव्हा पेशी आपली चाळीसच्या चाळीस गुणसूत्रं नकलून घेते आणि दोन पेशींना सारखी वाटते. म्हणून फांदीच्या टोकाशी असलेल्या पेशीत आणि बुंध्याजवळच्या पेशीत मजकूर तोच. काडी कापून दुसऱ्या रोपावर बांधली तर त्या काडीतून वाढतं ते तुमच्या बाबांचंच झाड, अगदी शब्दशः. नुसती जागा बदलली.

मोहोरात मात्र वेगळंच काही चालतं. शाळेच्या पुस्तकात त्याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. मी कित्येक वर्षं ते फळ्यावर रंगीत खडूंनी काढलं आहे, आणि दर वर्षी मला खंत वाटायची की मुलं अवस्थांची नावं पाठ करतात आणि बाहेर अंगणात तेच चाललेलं असताना त्याकडे पाहत नाहीत. कळी उमलण्याच्याही आधी, परागकोशाच्या आत, काही पेशी पराग करायच्या तयारीला लागतात. पराग आणि बीजांड यांना निम्मीच गुणसूत्रं हवीत, वीस. दोन्हीकडची वीस-वीस एकत्र आली की पुन्हा चाळीस होतात. प्रश्न असा, की चाळीसातली कोणती वीस?

आधी प्रत्येक गुणसूत्र स्वतःची नक्कल करतं. मग जोडीदार एकमेकांना शोधतात. आईकडून आलेलं पाचवं बापाकडून आलेल्या पाचव्याच्या शेजारी लांबीभर चिकटून बसतं. एरवी आयुष्यभर एकाच घरात राहून ही दोघं अशी जवळ आलेली नसतात. आणि इथे, चिकटलेली असताना, ती ठिकठिकाणी तुटतात आणि एकमेकांचे तुकडे घेऊन जोडली जातात. दोन लुगडी फाडून, त्यांचे पट्टे आलटून पालटून लावलेल्या गोधडीसारखं नवं गुणसूत्र तयार होतं. त्याला आता आईचंही म्हणता येत नाही, बापाचंही नाही. हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक या दोघींनी १९३१ साली मक्यामध्ये हे डोळ्यांना दिसेल असं दाखवलं. त्यांनी असं एक गुणसूत्र निवडलं ज्याच्या दोन ठिकाणी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतील अशा खुणा होत्या. कणसाच्या दाण्यांतल्या गुणांची जिथे अदलाबदल झाली होती, तिथे गुणसूत्रावरच्या खुणांचीही झालेली सापडली. तोवर जे कागदावरच्या हिशेबातून कळत होतं, ते काचपट्टीवर दिसलं.

अदलाबदल झाली की जोड्या फुटतात. एक इकडे, एक तिकडे. कोण कुठे जाणार हे ठरलेलं नसतं, आणि पहिल्या जोडीत काय झालं याचा दुसरीशी काही संबंध नसतो. दोन, चार, आठ असं दुप्पट करत वीस जोड्यांपर्यंत गेलात तर १०,४८,५७६ वेगवेगळ्या वाटण्या होतात. तुकड्यांची अदलाबदल हिशेबात न धरता, एकाच झाडाकडून! ती धरली तर मोजायला आकडाच पुरणार नाही. त्यानंतर आणखी एकदा विभाजन होतं, नकला वेगळ्या होतात आणि एका पेशीच्या चार पेशी उरतात. नराच्या बाजूला त्या चारही पेशी पराग होतात. मादीच्या बाजूला चारांतल्या तीन मरतात, एकच पुढे जाते. आंब्याच्या फुलात बीजांडही एकच असतं. म्हणजे एका आंब्याची एक कोय हा आईच्या बाजूने मांडलेला एकच डाव. तुमच्या गॅलरीतल्या तीन पिशव्यांत असे तीन वेगळे डाव उभे आहेत.

म्हणून जांभळट पालवीचं रोप बिघडलेलं नाही. आंब्याच्या कोवळ्या पालवीचा रंग झाडागणिक वेगळा असतो, कुठे पोपटी, कुठे तांबूस, कुठे जवळजवळ वांग्यासारखा. मोठं झाल्यावर पान हिरवं होतंच. त्या रोपाने फक्त आपला वेगळेपणा इतर दोघांच्या आधी दाखवला. बाकीच्या दोघांतही तो आहे, अजून दिसला नाही इतकंच.

आता कापड बांधण्याचं. तुमची कल्पना मला आवडली, कारण त्यात नीट विचार आहे: परका पराग आलाच नाही तर परकं काही येणार कुठून? पण करून पाहू या, मनातल्या मनात. कापड बांधलं, झाडाचाच पराग झाडालाच लागला. पहिली जोडी घ्या, तिच्यातल्या एकाला काळं म्हणू, दुसऱ्याला पांढरं. झाडाकडे दोन्ही आहेत. परागातून काळं येईल किंवा पांढरं, बीजांडातून काळं येईल किंवा पांढरं. काळं-काळं, काळं-पांढरं, पांढरं-काळं, पांढरं-पांढरं. चारांपैकी दोनदाच आईसारखी जोडी पुन्हा जमते. एका जोडीची शक्यता निम्मी. सगळ्या वीस जोड्या एकदम जमायला मघाचाच आकडा पुन्हा समोर येतो: १०,४८,५७६ कोयींत एक. तेही गोधडी शिवली गेलीच नाही असं धरून, आणि ती शिवली जातेच. वर, काळं-काळं झालेल्या ठिकाणी एरवी झाकून राहिलेला एखादा कमजोर गुण उघडा पडतो. अशी रोपं पुष्कळदा अशक्त निघतात.

तेव्हा शेजारच्या झाडाला आपण सोडून देऊ. ते नसतं तरी कोय वेगळीच निघाली असती, कारण हापूस मुळात आतून एकजिनसी नाही. हापूस आपल्याला एकसारखा दिसतो तो कलमामुळे. मोहोरातला डाव टाळून, काडीवरून काडी, तेच एक झाड आपण शेकडो वर्षं वाढवत आणलं आहे.

इथे दादांच्या बाजूने बोलायला हवं. कोयीचं झाड हापूस होणार नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ते तुमचं मन मोडायला बोलत नाहीत, आंबा ओळखणारा माणूस बोलतो तसं बोलतात. आणि आणखी एका बाबतीत ते बरोबर आहेत, जे ऐकायला तुम्हाला कठीण जाईल. बाबांनी लावलं तेही कलमच होतं, कुठल्या तरी रोपवाटिकेतून किंवा शेजाऱ्याच्या बागेतून आणलेलं. रोपवाटिकेतलं चांगलं हापूस आणि परसातलं हापूस, जनुकांच्या हिशेबाने जवळपास एकच. जुन्या झाडांच्या फांद्यांमध्ये वर्षानुवर्षांत बारीक फरक पडतात, पण ते बारीकच. बाबांचं त्या झाडात जे होतं ते जनुकांमध्ये नव्हतं. ते त्यांनी उन्हाळ्यात घातलेल्या पाण्यात होतं.

पण "रायवळ नको" या दादांच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि हे मी जरा जोर देऊन सांगते. पहिला हापूस कधीतरी कोयीतूनच उगवला होता. कुठल्या तरी कळीत एक डाव असा पडला, त्याला कुठला तरी पराग असा मिळाला, की जे झाड झालं त्याचं फळ चाखून कुणीतरी थांबलं. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याकडे आंब्याच्या कलमाचा प्रसार झाला नसता, तर पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून आलेलं हे नाव आणि ती चव त्या एका झाडाबरोबरच संपली असती. कलम चव टिकवतं. ती चव पहिल्यांदा निर्माण करण्याचं काम मात्र मोहोरातल्या त्या वाटणीनेच केलं.

आजही नवी जात हवी असली की संशोधकांना कोयीकडेच जावं लागतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना आली, ती १९८१ साली प्रसारित झाली. हापूसच्या गरात साका होतो, म्हणजे गराचा काही भाग पांढुरका आणि स्पंजासारखा राहतो, आणि हापूस एक वर्ष भरभरून देतो तर दुसऱ्या वर्षी हात आखडतो. रत्नात साका नाही. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये सिंधू आली, कोय अगदी पातळ असलेली. याहूनही तुमच्या प्रश्नाच्या जवळचं उदाहरण दिल्लीचं आहे. तिथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत दशहरी आणि नीलम या दोनच जातींतून मल्लिका आणि आम्रपाली निघाल्या. एकीची आई नीलम, दुसरीची दशहरी, एवढाच फरक. आईबाप तेच दोघं. आणि तरी आम्रपाली इतकी ठेंगणी की दाटीने लावता येते, तर मल्लिका तिच्याहून जास्त वाढणारी आणि मोठ्या फळाची. एका घरातली दोन भावंडं.

हापूसच्या एकसारखेपणाची एक काळजीही आहे, ती बागायतदारांना चांगली कळते. कोकणभर पसरलेली ही लाखो कलमं म्हणजे खरं तर एकच झाड. त्याला जे सोसत नाही ते सगळ्यांनाच सोसत नाही. भुरी आली, तुडतुडे आले, मोहोराच्या वेळी थंडीने दगा दिला, तर सगळी बाग एकाच सुरात आजारी पडते. बांधावरच्या रायवळांचं तसं नसतं. एखादा यंदा फळलाच नाही तर दुसरा लगडलेला असतो. एखादा आंबट ढाण, पण लोणच्याला तोच लागतो. एखादा दोराळ, पण त्याच्या सासवाची, म्हणजे मोहरी-खोबरं लावून केलेल्या आंब्याच्या कालवणाची, चव हापूसला यायची नाही. माझ्या लहानपणी मी चोखून टाकलेला हापूसचा बाठा विहिरीच्या कडेला रुजला. नऊ वर्षांनी त्याला फळं आली, तेव्हा मी घरभर सांगत सुटले होते की आता आपल्याकडे आणखी एक हापूस झाला. ते फळ पिकलं तरी आंबटच राहिलं. मी रडले. आईने त्याच कैऱ्यांचं पन्हं करून मला दिलं, आणि पुढे आमच्या घरात पन्ह्याला दुसऱ्या झाडाची कैरी कुणी आणली नाही.

आणि ताई, बाबांच्या झाडाच्या बुंध्याकडे नीट पाहिलंत का? जमिनीपासून थोड्या उंचीवर सालीचा पोत बदललेला दिसेल, कधी फुगवटा असतो, कधी नुसती आडवी रेघ. तो कलमाचा सांधा. सांध्याच्या वर हापूस. खाली, मातीतली मुळं धरून, एक रायवळ. पंचेचाळीस वर्षं त्या कुणाच्या तरी कोयीने हापूसला पाणी पुरवलं. बाबांच्या जागी रायवळ नको, असं दादा म्हणतात. तिथे तो पहिल्या दिवसापासून आहे.

यातूनच मला जो मार्ग दिसतो तो सांगते. तुमच्या तीन रोपांपैकी दोन खुंट म्हणून वापरा आणि त्यांवर बाबांच्या झाडाची काडी बांधा. मुळं लेकीची, वरचं झाड आईचं. तुमच्या कोयीही वाया जाणार नाहीत आणि दादांना हापूसच मिळेल. रोपं वर्षाची झाली आहेत, तेव्हा कोय कलमाचं वय निघून गेलं, त्याला नुकतं रुजलेलं, पानं अजून तांबूस असलेलं पंधरा-वीस दिवसांचं रोप लागतं. तुमच्या रोपांवर मृदुकाष्ठ कलम करता येईल: रोपाला नवी कोवळी फूट आली की तिच्यावर. कोकणात पावसाचा जोर ओसरला की हे काम चांगलं जमतं, म्हणून रोपं आताच गावी न्या आणि तिथल्या हवेला रुळू द्या. घाई झाली आणि झाड फार खचलं, तर वाट न पाहता या जून-जुलैमध्येच गावात ताज्या रुजलेल्या रायवळ कोयींवर दोन-चार कोय कलमं बांधून ठेवा. सगळी भिस्त तुमच्या दोन रोपांवर नको.

काडी निवडताना एक चूक हमखास होते. खचलेल्या झाडाला बुंध्यातून जोमदार फुटवे येतात, आणि माणूस खूश होऊन त्यांचीच काडी घेतो. सांध्याच्या खालून आलेला फुटवा हापूसचा नसतो, तो खालच्या रायवळाचा. काडी वरच्या, अजून हिरव्या असलेल्या फांदीचीच घ्यायची: तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, टोकाचा डोळा फुगीर पण न उमललेला. कापण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून छाटली तर डोळा भरतो. काडी कापली की ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि शक्यतो त्याच दिवशी बांधायची. हे पहिल्यांदा स्वतः करू नका. तुमच्या भागात कलमं बांधणारी माणसं आहेत, त्यांच्या हाताला सवय असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या केंद्रांमधूनही सल्ला मिळतो. चारांतली दोन जगली तरी चांगलं म्हणायचं.

ज्यांच्याकडे आंबा नाही, पण असाच पेच आहे, अशी पत्रंही येतात, म्हणून दोन शब्द. काप्या फणसाची आठळी लावली तर बरका निघू शकतो, आवडता फणस राखायचा तर त्याचंही कलमच. कोकमाच्या बियांतून उगवलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि नराला फळ धरत नाही, म्हणून तिथेही कलम घ्या. नारळाला कलम नाही, तिथे मोहोरातल्या वाटणीला पर्याय नाही, म्हणून चांगल्या माडाचे नारळ निवडून चार रोपं जास्त लावायची. आणि आंब्याच्या काही जाती, विशेषतः दक्षिणेच्या किनाऱ्याकडच्या, अशा असतात की एका कोयीतून तीन-चार कोंब येतात. त्यातले बहुतेक थेट आईच्या पेशींपासून आलेले असतात, तो डाव न खेळता, म्हणून ते आईसारखेच निघतात. कुणी तुम्हाला "आमच्याकडे कोयीतून तस्साच आंबा येतो" असं सांगितलं तर ते खोटं बोलत नसतील. हापूस त्या जातीतला नाही.

आता तुमचं ते जाता जाता लिहिलेलं वाक्य. मला वाटतं पत्र त्या वाक्यासाठीच लिहिलं गेलं, म्हणून त्याला शेवटी ठेवलं.

माणसाच्या २३ जोड्या. तुमच्या बाबांच्या शरीरात तोच डाव मांडला गेला, एकदा दादांसाठी, एकदा तुमच्यासाठी. जोड्या फुटण्याच्याच ८३,८८,६०८ तऱ्हा, वर तुकड्यांची अदलाबदल. दादांच्या वाट्याला असे तुकडे आले की चेहऱ्यात बाबा दिसतात. पण चेहरा घडवणारी जनुकं म्हणजे सगळी जनुकं नव्हेत, आणि २३ गुणसूत्रं बाबांकडून तुम्हालाही आलीच आहेत, दादांइतकीच. किंबहुना किंचित जास्त. मुलाला वडिलांकडून वाय गुणसूत्र मिळतं, जे छोटं असतं. मुलीला एक्स मिळतं, जे त्याच्यापेक्षा बरंच मोठं. म्हणजे मोजायलाच बसलो तर बाबांचा मजकूर दादांपेक्षा तुमच्याजवळ थोडा अधिक आहे. ते एक्स बाबांना त्यांच्या आईकडून आलेलं, आणि ते पुढे देताना टोकांचा अपवाद सोडला तर त्याची गोधडी होत नाही, कारण बाबांकडे त्याला जोडीदार एक्स नसतं. तुमच्या आजीने आपल्या लेकाला दिलेलं ते गुणसूत्र दादांकडे गेलंच नाही. ते तुमच्याकडे आहे, जवळजवळ जसंच्या तसं. आजीचा जुना फोटो घरात असेल तर एकदा काढून बघा. दिसेलच काही असं नाही, तरी बघा.

सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा मजकूर समान असतो, पण ती सरासरी आहे. प्रत्यक्ष मोजलं तेव्हा काही भावंडांत ३७ टक्के निघाला, काहींत ६२. तुम्ही आणि दादा कुठे आहात, माहीत नाही. भांडण त्यावरून नाहीच आहे. दोघांनाही बाबांची जागा रिकामी बघवत नाही. त्यांना तिथे ओळखीची चव हवी, तुम्हाला ओळखीचा जीव हवा. फोनवर हा सगळा गुणसूत्रांचा हिशेब त्यांना ऐकवू नका. "तू म्हणतोस ते खरं, कोयीतून हापूस येणार नाही," इथून सुरुवात करा, आणि मग विचारा की कुठल्या फांदीची काडी चांगली येईल. झाड रोज त्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांना तुमच्यापेक्षा ते जास्त ठाऊक असणार. काडी कापायच्या दिवशी तुम्ही गावी असा.

उरलं तिसरं रोप. जांभळट पालवीचं. त्यावर काही बांधू नका, त्याला कोयीचंच राहू द्या. बाबांच्या जागी मात्र नको, तिथे दोन कलमांपैकी एक लावा. हे जुन्या झाडापासून तीस-चाळीस फूट लांब, घराच्या भिंतीपासून दूर, बांधाच्या कडेला लावा, कारण कोयीचं झाड कलमापेक्षा उंच जातं आणि त्याची सावली पुढे मोठी पडते. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी आणि गुरांपासून कुंपण, एवढंच त्याला हवं. फळ यायला सात-आठ वर्षं, कधी दहा. आलं की झाडाखाली उभं राहून एका फोडीवर निकाल लावू नका. पहिल्या वर्षीची फळं उतरवून अढीत घाला, पिकू द्या, आणि दादांनाही चाखायला बोलवा.